रोजचे व्याज आणि दर्शनी हुंडी

जुन्या पेढ्यांवर हुंडीचे दोन प्रकार प्रामुख्याने चालत. मुद्दती हुंडीला दिवस ठरलेला असे. तोपर्यंत वसुली करून रक्कम तयार ठेवली की पेढीचा शब्द राहत असे. दर्शनी हुंडीला असा दिवस नसे. ती समोर धरली जाईल त्या क्षणी पटवावी लागे, मग तो लक्ष्मीपूजनाचा दिवस असो की भर पावसाळ्यातला मंदीचा. ज्याच्या दर्शनी हुंड्या बाजारात फिरत असत, तो सावकार गल्ल्यात गरजेपेक्षा अधिक रोकड बाळगी, गाव सोडून जाताना दहा वेळा विचार करी आणि दारात अनोळखी माणूस दिसला की मनातल्या मनात शिल्लक मोजू लागे.

दीर्घकाळ सोबत राहणाऱ्या आजारांतही असाच भेद आढळतो. संधिवात, कंपवात, मधुमेहामुळे पायांची होणारी आग हे आजार रोजच्या व्याजासारखे असतात. सकाळी डोळे उघडताच ते हजर असतात आणि त्यांची रक्कम दिवसाच्या खर्चात आधीच धरलेली असते. अपस्मार, दमा, अर्धशिशी यांची रीत दर्शनी हुंडीची. तीन महिने काहीच घडत नाही. मग एखाद्या सकाळी, नेमका माल उतरवून घेण्याच्या वेळी, हुंडी समोर येते.

यांतले अधिक अवघड कोणते, असा वाद अनेक घरांत उघडपणे नव्हे, पण मनातल्या मनात चालू असतो. कल्याणच्या बाजारपेठेत दुकान असलेल्या एखाद्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. थोरल्या जावेचे सांधे बारा महिने दुखतात. धाकटीला महिन्यातून दोनदा अर्धशिशी उठते. थोरलीच्या दुखण्याची चौकशी पहिल्या वर्षी सगळ्यांनी केली, दुसऱ्या वर्षी थोड्यांनी, आणि नंतर ते दुखणे भिंतीवरच्या घड्याळासारखे झाले. आहे हे सर्वांना ठाऊक, पण तिकडे पाहत कोणी नाही. धाकटीची गोष्ट निराळी. दुखते तेव्हा घर पाय न वाजवता चालते. पण दुसऱ्या दिवशी ती हसून बोलू लागली की कोणाच्या तरी मनात येतेच, ‘काल तर उठवत नव्हते!’ सतत दुखणाऱ्याला लोक विसरतात आणि अधूनमधून दुखणाऱ्यावर लोक संशय घेतात. विसरले जाण्याचे दुःख मोठे की संशयाचे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. पण संशयाने माणूस एकटा अधिक लवकर पडतो, एवढे म्हणता येईल. कारण त्याला प्रत्येक वेळी आपले दुखणे नव्याने सिद्ध करावे लागते.

मुळात हा भेद दिसण्यापुरताच आहे, हे दम्याच्या उदाहरणावरून चांगले कळते. डोंबिवलीकरांना हवेविषयी निराळे काही सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांचे मूल्यमापन केले, तेव्हा अतिगंभीर प्रदूषित क्षेत्रांच्या यादीत डोंबिवलीचे नाव होते. २०१४ च्या जानेवारीत येथे हिरवा पाऊस पडल्याची चर्चा झाली आणि २०२० च्या आरंभी औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झालेला साऱ्या महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिला. अशा गावात दमेकऱ्याच्या घरचे लोक रात्री खिडकी उघडी ठेवावी की बंद, याचा निर्णय वास घेऊन करतात. पण या दमेकऱ्यांपैकी पुष्कळांच्या खिशात फक्त एकच पंप असतो, तो निळा. धाप लागली की दोन फवारे घ्यायचे आणि कामाला लागायचे. धाप अधूनमधून लागते, म्हणून औषधही अधूनमधून, असा हा हिशेब. वैद्यकशास्त्राचा हिशेब वेगळा आहे. धाप नसते त्या दिवशीही श्वासनलिकांच्या आतली सूज चालूच असते. ती आटोक्यात ठेवणारे औषध वेगळे असते, बहुधा ते रोज घ्यावयाचे असते आणि घेतल्यावर लगेच काहीही वाटत नाही. लगेच काही वाटत नाही, म्हणूनच ते सुटते. केवळ निळ्या पंपावर विसंबून राहू नये, असे दम्याविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१९ पासून स्पष्टपणे सांगतात. ज्या व्यापाऱ्याने आगीचा विमा ‘यंदा आग लागली नाही’ म्हणून बंद केला, त्याला बाजारात कोणी शहाणे म्हणत नाही. पण ‘दोन महिने धाप नाही’ म्हणून रोजचा पंप बंद करणाऱ्याला घरात बहुधा शाबासकीच मिळते.

अपस्माराच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक धारदार होते. मेंदूतील विद्युत्प्रवाहाचा क्षणिक गोंधळ म्हणजे फिट किंवा आकडी. बहुतेक वेळा ती एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबते. त्यानंतर काही वेळ भान येत नाही, अंग ठेचल्यासारखे दुखते, जीभ चावली गेलेली असते आणि पुढचा दिवस झोपेत जातो. वर्षातून अशी तीन मिनिटे तीन वेळा आली, तर एकूण नऊ मिनिटांचा आजार. उरलेल्या साऱ्या वर्षात त्या माणसाचे काय चालते, हा खरा प्रश्न आहे. तो पोहायला जात नाही. गच्चीच्या कठड्याजवळ उभा राहत नाही. डोंबिवलीहून ठाण्याला जाताना दारातल्या गर्दीपासून लांब, आत शिरण्यासाठी तीन गाड्या सोडतो आणि उशीर का झाला ते मालकाला सांगू शकत नाही. आंघोळ करताना कडी लावत नाही. आजार नऊ मिनिटांचा, पहारा मात्र बारा महिन्यांचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक आकडीमुक्त राहू शकतात. फिनोबार्बिटल हे औषध १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. म्हणजे औषधे नवी नाहीत आणि सगळीच महागही नाहीत. दक्षिण आफ्रिकेचा जाँटी ऱ्होड्स, ज्याने १९९२ च्या विश्वचषकात हवेत झेप घेऊन इंझमामला धावचीत केले, त्याला अपस्मार आहे आणि त्याने तो कधी लपवला नाही. ज्या आजाराच्या माणसाने जगातले सर्वोत्तम क्षेत्ररक्षण केले, त्याच आजाराच्या मुलाला आपल्याकडे शाळेच्या सहलीला पाठवत नाहीत.

आकडी आलेल्या माणसाभोवती आजही जे घडते, ते पाहण्यासारखे असते. कोणी चपला हुंगवतो, कोणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबतो, कोणी दातांत चमचा घालतो. ज्या घरात कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घरातही ऐन वेळी शेजाऱ्याकडून कांदा मागवला जातो. यांतल्या कशाचाही उपयोग नाही आणि चमच्याने तर दात तुटतात किंवा श्वास अडकतो. करायचे ते फार थोडे आहे. आसपासच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, झटके ओसरताच त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, पाणी पाजू नये आणि घड्याळ पाहावे. ५ मिनिटांनंतरही झटके थांबले नाहीत, किंवा शुद्ध येण्यापूर्वी दुसरी आकडी आली, तर मात्र रुग्णालय गाठावे. घड्याळ पाहणे ही यांतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. कारण भ्यालेल्या माणसाला दोन मिनिटे वीस वाटतात आणि डॉक्टरांना तो वीसच सांगतो.

व्यापारी घरांत हा आजार लपवला जातो, त्याचे मोठे कारण लग्न. येथे कायद्याचा इतिहास माहीत असलेला बरा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैन समाजालाही लागू आहे. या कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने विवाहासाठी जी अट घातली गेली, तिच्यात वेडाचे वा अपस्माराचे वारंवार झटके येणारी व्यक्ती विवाहास अपात्र ठरवली होती आणि असा विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येत असे. वेड आणि अपस्मार एकाच वाक्यात, एकाच तागडीत बसवलेले होते. वैद्यकीय क्षेत्रातील मंडळींनी आणि अपस्मारग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी या तरतुदीला सातत्याने विरोध केला आणि १९९९ च्या दुरुस्ती कायद्याने अपस्मार हा शब्द तेथून काढून टाकण्यात आला. विशेष विवाह कायद्यातूनही तो गेला. कायद्याने डाग पुसला त्याला पाव शतक उलटले. स्थळे पाहताना मात्र तो डाग अजून तसाच आहे.

यातून घडते ते असे. मुलीला लहानपणी आकडी यायची, गोळ्यांनी ती थांबली आहे. ठाण्याचे चांगले स्थळ येते. ‘आता काही होत नाही ना, मग सांगायचे कशाला’ असे घरातली वडीलधारी मंडळी ठरवतात. मुलगी सासरी जाते, गोळ्यांची पाकिटे साड्यांच्या घडीत लपवून. लग्नाच्या धामधुमीत चार रात्रींची झोप झालेली नसते. सासरी एकत्र कुटुंब, कपाट सर्वांचे, खोलीचे दार दिवसा उघडे. गोळी घ्यायला एकांत मिळत नाही, म्हणून एक वेळ चुकते, मग दोन. गोळी चुकणे आणि झोप मोडणे ही आकडी परत येण्याची अगदी नेहमीची कारणे आहेत. ज्या भीतीपोटी लपवले, तीच गोष्ट लपवण्यामुळे घडते, तीही सासरच्या स्वयंपाकघरात, पेटलेल्या शेगडीसमोर. पुढे गरोदरपणाचा प्रश्न येतो. अपस्मारावरच्या काही औषधांनी, विशेषतः व्हॅल्प्रोएटने, गर्भाला अपाय होण्याचा धोका असतो. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार करण्याआधीच मेंदूविकारतज्ज्ञाकडून औषध बदलून घ्यावे लागते आणि फोलिक ॲसिड सुरू करावे लागते. ज्या सुनेने गोळीच लपवली आहे, ती हा सल्ला कोणाबरोबर जाऊन घेणार? आणि घाबरून स्वतःच गोळ्या बंद केल्या, तर जिवावर बेतू शकते.

व्यवहाराच्या बाजूनेही लपवणे महागच पडते. अपस्मार हा शब्द कायद्यातून गेला असला, तरी महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने संमती मिळवली, या कारणावरून विवाह रद्द करण्याची मागणी करण्याचे कलम १२ अजून जागेवर आहे. फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत तशी मागणी करता येते. म्हणजे आजार सांगितल्याने जे स्थळ जाईल, ते न सांगितल्याने न्यायालयात जाऊ शकते. पुण्यात संवेदना फाउंडेशन ही संस्था अपस्मार असलेल्यांसाठी स्वमदत गट चालवते. अनिल अवचट यांच्या कन्या यशोदा वाकणकर यांनी, स्वतः या आजाराचा दीर्घ अनुभव घेतल्यावर, ती उभी केली. तिच्या कामात एक विवाह मंडळही आहे. तेथे आजार आधी सांगितला जातो, बाकीच्या चौकश्या नंतर. आपल्या परिचय-संमेलनांच्या पुस्तिकांत मुलाच्या दुकानाचे चौरस फूट छापले जातात. आरोग्याविषयी एक प्रामाणिक ओळ छापण्याची सोय करणे त्याहून अवघड नसावे.

उपवासांचा विषयही येथे टाळता येणार नाही. पर्युषणात अठ्ठाई करण्याची इच्छा तरुण मुलांनाही असते, आणि अपस्मार किंवा मधुमेह असलेल्याला ‘मनोबल असेल तर काही होत नाही’ असे सांगणारे भेटतात. रिकाम्या पोटाने, मोडलेल्या झोपेने आणि चुकलेल्या गोळीने काय होते, हे मनोबलावर अवलंबून नसते. परंपरेने याची दखल कधीच घेतली आहे. पच्चक्खाण घेताना जे आगार, म्हणजे सवलती, राखून ठेवले जातात, त्यांत तीव्र व्याधी उठली असता समाधी राखण्यासाठी औषध घेण्याची मोकळीक आहे. आगार हा व्रतातला कच्चा दुवा नव्हे, तो व्रताच्या रचनेचाच भाग आहे. शंका असेल तर चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या महाराजसाहेबांना गोळ्यांचे वेळापत्रक दाखवून विचारावे. बहुतेकदा अडचण तिथे नसते, घरातल्या ‘लोक काय म्हणतील’पाशी असते.

कंपवाताची कथा उलट्या दिशेने जाते. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले. आयुर्वेदाला कंपवात हे नाव त्याआधीपासून ठाऊक होते आणि ज्या कवचबीजाचा, म्हणजे खाजकुहिलीच्या बियांचा, वापर वैद्य करीत, त्यांत लेव्होडोपा हेच द्रव्य असल्याचे पुढे आढळले. (म्हणून डॉक्टरांच्या गोळीबरोबर बियांचे चूर्ण आपल्या मनाने घेऊ नये, मात्रा दुप्पट होऊ शकते.) १९६७ च्या सुमारास जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपाचा प्रभावी वापर दाखवून दिला आणि जखडलेली माणसे चालू लागली. हा आजार रोजच्या व्याजाचा खराच. थरथर, ताठरपणा, मंदावलेली चाल सतत सोबत असते. पण काही वर्षे औषध घेतल्यावर पुष्कळांच्या बाबतीत त्यालाच दर्शनी हुंडीचे रूप येते. गोळी लागू पडली की माणूस उठतो, गिऱ्हाइकाशी बोलतो, नोटा मोजतो. तिचा अंमल उतरला की तोच माणूस खुर्चीत लाकडासारखा बसून राहतो. कधी चालता चालता पाय जमिनीला चिकटतात आणि हे बहुधा दारात किंवा उंबऱ्यावर घडते. अकराला टवटवीत दिसलेले शेठजी साडेबाराला हाकेला ओ देत नाहीत, तेव्हा नोकर म्हणतात, ‘शेठचा मूड गेला.’ घरचेही कधीकधी म्हणतात. तो मूड नसतो, गोळीचे घड्याळ असते.

हे घड्याळ आणि चौविहाराचे घड्याळ यांचा मेळ बसवणे हे वयस्क श्रावकांच्या घरातले मोठे काम आहे. ठाण्यात जूनअखेरीस सूर्य सव्वासातनंतर मावळतो, डिसेंबरच्या आरंभी सहाच्या सुमारास. चौविहार सूर्याबरोबर मागेपुढे होतो. लेव्होडोपाची गोळी मात्र ऋतू जाणत नाही. दिवसातून चार वेळा असेल तर शेवटची रात्रीच येते आणि ती पाण्याबरोबरच घ्यावी लागते. ती सोडली तर रात्री कूस बदलता येत नाही आणि सकाळी पाय उचलत नाहीत. काही घरांनी चौविहाराऐवजी तिविहार स्वीकारून रात्री पाण्याची मुभा ठेवली आहे, काहींनी डॉक्टरांकडून दीर्घकाळ टिकणारी गोळी लिहून घेतली आहे. दुसरी गोष्ट प्रथिनांची. डाळ, दूध, पनीर यांतली प्रथिने आतड्यात या औषधाशी स्पर्धा करतात आणि त्याचे शोषण कमी होऊ शकते. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घेण्याचा सल्ला बहुधा दिला जातो. सूर्यास्तापूर्वी घाईघाईने डाळ-भात आणि त्याच घोटाबरोबर गोळी, असे झाले की औषध वाया जाते आणि ‘गोळीचा गुण येत नाही’ म्हणून डॉक्टर बदलला जातो.

पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत २००१ मध्ये सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांनी या आजारात सोबतीचे मोल दाखवून दिले आहे. पुण्यात हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले. ताल धरला की अडकलेले पाऊल सुटते, हे त्यामागचे साधे तत्त्व. घरातही उंबऱ्याजवळ फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, किंवा ‘एक-दोन, एक-दोन’ असे मोजले, तरी पुष्कळांना पुढचे पाऊल टाकता येते. थांबलेल्या माणसाला हाताला धरून ओढणे मात्र टाळावे, तो पडतो.

कंपवाताने अक्षर लहान होत जाते आणि व्यापारी माणसाला त्याचा पहिला पत्ता कधीकधी बँकेतून लागतो. तीस वर्षे एकाच वळणाने केलेली सही जुळेनाशी होते, धनादेश परत येतो. सही न जुळल्यामुळे परतलेल्या धनादेशावरूनही कलम १३८ खाली कारवाई होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लक्ष्मी डायकेम विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात म्हटले आहे. त्यामुळे हा केवळ मानापमानाचा विषय राहत नाही. पहिला धनादेश परतताच बँकेत जाऊन नवी सही नोंदवावी. खात्यावर मुलाला किंवा पत्नीला ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने घ्यावे. मुखत्यारपत्र करायचे असेल तर बुद्धी आणि वाचा शाबूत असतानाच करावे. सही अजिबात शक्य नसेल, तर साक्षीदारांसमोर हाताच्या वा पायाच्या अंगठ्याचा ठसा देऊन पैसे काढण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे आणि ७० वर्षांवरील ग्राहकांना व आजाराने असमर्थ झालेल्यांना घरपोच बँकसेवा देण्याविषयी २०१७ मध्ये बँकांना सूचना गेल्या आहेत. आकडी किंवा धापेचा आजार असलेल्याच्या दुकानात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते. मालाचे पैसे द्यायचे अधिकार, तिजोरीची किल्ली आणि जीएसटीचा पासवर्ड एकाच माणसापाशी असू नयेत. तो दोन दिवस अंथरुणात असला, तर पेढी दोन दिवस मुकी होते.

सरकारी मोजपट्टी सततच्या आजाराला अधिक ओळखते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यांत कंपवात आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, हिमोफिलिया आणि थॅलॅसेमिया आहेत; अपस्माराचे नाव स्वतंत्रपणे नाही. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागते आणि ते तपासणीच्या दिवशी मोजले जाते. अपस्माराचा माणूस त्या दिवशी शून्य टक्के असतो. कंपवाताचा माणूसही नुकतीच गोळी घेऊन गेला, तर असतो त्यापेक्षा बरा दिसतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०डीडीबी खाली, जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याला, ज्या मज्जाविकारांच्या खर्चाची वजावट मिळत आली, त्या यादीत पार्किन्सन्स आहे, तोही ४० टक्क्यांच्या अटीवर. अपस्मार आणि अर्धशिशी नाहीत. उलट वाहन परवान्याच्या नमुना १ मध्ये पहिलाच प्रश्न अपस्माराचा आणि अचानक शुद्ध हरपण्याचा आहे. हक्क देताना न दिसणारा आजार जबाबदारी विचारताना मात्र अग्रभागी येतो. त्या प्रश्नाचे उत्तर खरे द्यावे, हे सांगणे नलगे. शिळफाट्यावरून गाडी हाकताना तीन सेकंदांची बेशुद्धी पुरेशी असते.

अमेरिकेत ल्युपस हा आजार असलेल्या क्रिस्टीन मिसेरँडिनो या स्त्रीने २००३ च्या सुमारास लिहिलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. खाणावळीत बसली असताना मैत्रिणीने आजाराविषयी विचारले, तेव्हा तिने टेबलांवरचे चमचे गोळा करून तिच्या हातात दिले आणि दिवसातल्या प्रत्येक कामाला, आंघोळीला, कपडे घालण्याला, एकेक चमचा काढून घेतला. संध्याकाळ होण्याआधीच चमचे संपत आले. आपल्याकडे हे चमच्यांनी समजावण्याची गरज नाही. गल्ल्यात सकाळी मोजकीच रोकड आहे आणि संध्याकाळपर्यंत उधार मिळणार नाही, हे म्हटले की कोणताही दुकानदार समजतो. सततचा आजार असलेल्याला रोज तेवढीच कमी रोकड मिळते. झटक्याचा आजार असलेल्याला बहुतेक दिवस पूर्ण मिळते, पण त्यातली काही त्याने कायम राखून ठेवलेली असते. ती राखीव रक्कम इतरांना दिसत नाही, म्हणून त्यांना तो कंजूष वाटतो. लग्नाला रात्री उशिरापर्यंत थांबत नाही, सहलीला नाही म्हणतो, नवी शाखा काढायला कचरतो.

दोन्ही प्रकारच्या रुग्णांना डॉक्टरांसमोर एकच अडचण येते. तपासणीची दहा मिनिटे आणि आजाराचे तीन महिने यांत मेळ बसत नाही. वही लिहिण्याची सवय असलेल्या समाजाला यावर उपाय शोधायला लांब जावे लागू नये. दिवाळीत वहीपूजन होते, तेव्हा एक साधी शंभर पानी वही आजारासाठीही घालावी. डाव्या पानावर रोजचे: किती वाजता कोणती गोळी, झोप किती तास, दुखणे कमी की जास्त, कंपवात असेल तर गोळीचा अंमल कधी चढला, कधी उतरला. उजव्या पानावर अचानक आलेले: तारीख, वेळ, घड्याळाने मोजलेली मिनिटे, आदल्या रात्री जागरण होते का, उपवास होता का, गोळी चुकली होती का, हवेला वास होता का, कोणी पाहिले. पाहणाऱ्याने शक्य तर मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. मेंदूविकारतज्ज्ञाला ती दहा वर्णनांपेक्षा उपयोगी पडते. रुग्णाला स्वतःची आकडी कधीच दिसत नाही, म्हणून उजवे पान दुसऱ्या कोणीतरी लिहायचे असते, आणि ते कोण लिहिणार हे वही घालतानाच ठरवून पहिल्या पानावर त्याचे नाव व मोबाइल क्रमांक लिहून ठेवावा.